टेंपो, चेतक आणि वीस पैलूंचा फासा

द्वितीय वर्षाच्या वर्गात शब्दशक्ती शिकवून झाल्या होत्या. लक्षणेसाठी आम्ही दरवर्षी गंगेवरच्या गवळीवाड्याचेच उदाहरण देतो आणि मुलेही ते दरवर्षी त्याच निर्विकारपणे वहीत उतरवून घेतात. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली. तिला लक्षणेविषयी काही विचारायचे असेल, असे वाटून आम्ही सुखावलो होतो. पण तिचा प्रश्न वेगळाच होता.

"सर, एखादा खेळ विकता येतो का? खेळणं नाही म्हणत मी. खेळ."

पुढे जाण्याआधी एक खुलासा करायला हवा. आम्ही म्हणजे खरोखरच आम्ही दोघे. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात गेली अनेक वर्षे मराठी शिकवतो; एकाचे बालपण आकुर्डीत गेले, दुसऱ्याचे चाकणच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात. या प्रश्नावर स्टाफरूममध्ये आमची इतकी चर्चा झाली की शेवटी ती लिहून काढणे हाच एक मार्ग उरला. काही ठिकाणी आमचे एकमत झाले नाही. ते मतभेद आम्ही मिटवत बसलेलो नाही.

तर खेळ. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रथम छापला गेला. पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी चालतात. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात. सांगणारा प्रसंग उभा करतो, पात्रे आपण काय करणार ते बोलून दाखवतात, आणि जिथे यश संशयास्पद असेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकून निकाल लावला जातो. कोणी जिंकत नाही, आणि ठरलेला शेवटही नाही. आम्ही कुतूहलाने एका रविवारी बघायला गेलो. निगडीला, प्राधिकरणातल्या एका घराच्या गच्चीवर पाच मुले सतरंजीवर बसली होती. (प्राधिकरण ही संस्था २०२१ मध्ये विसर्जित झाली; वस्तीचे नाव मात्र रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सर्वांच्या तोंडी प्राधिकरणच आहे. या लेखाचा विषय एका अर्थी तोच.) गोष्ट सांगणाऱ्याला ही मुले 'सूत्रधार' म्हणत होती. इंग्रजी पुस्तकातले किल्ले आणि तळघरे जाऊन तिथे लोहगड-विसापूरच्या मागचा घाट आला होता. एकजण त्या घाटातला वाटाड्या, एकजण भगत, आणि आमची विद्यार्थिनी जासूद. चार तास गोष्ट चालली. मग एकाला सेकंड शिफ्टला चाकणला जायचे होते, म्हणून घाटातल्या राक्षसाला पुढच्या रविवारपर्यंत जिवंत ठेवावे लागले.

या सगळ्याची टिपणे तिच्याकडे होती. दोनशे पानी तीन वह्या. गावांची नावे, वंशावळी, नवस, भांडणे, कोणी कोणाला काय वचन दिले ते. वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने या वह्यांना काय म्हणावे, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. बखर म्हणावी तर घडलेले काही नाही, कादंबरी म्हणावी तर लेखक एक नाही.

तिच्या प्रश्नामागे एक बातमी होती. हा खेळ आज हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी-कंपनीच्या मालकीचा आहे. २०२४ च्या आरंभी एका चिनी वृत्तस्थळाने लिहिले की हॅस्ब्रो तो विकण्याच्या विचारात आहे आणि टेन्सेंट ही बलाढ्य चिनी कंपनी गिऱ्हाईक म्हणून उभी आहे. हॅस्ब्रोने इन्कार केला. पण अशी बातमी एकदा उठली की तिचा धुरळा पुरता बसत नाही, आणि मुलांच्या बोलण्यात ती अधूनमधून येत असे.

आम्ही तिला प्राध्यापकी उत्तर दिले. म्हटले, मालक नाव केव्हा विकतो? दुभती गाय कोणी बाजारात नेत नाही. नेलीच तर घरात लग्न निघालेले असते किंवा सावकार दारात उभा असतो. हॅस्ब्रोला २०२३ साली ओढगस्त होती हे खरे. खेळण्यांचा खप उतरला होता, वर्षाच्या शेवटी अकराशे माणसे कमी करण्याची घोषणा झाली, आणि आपला चित्रपट-दूरचित्रवाणीचा व्यवसाय कंपनीने लायन्सगेटला विकून टाकला. पण त्याच वर्षी या खेळावर बेतलेला 'बॉल्डर्स गेट ३' हा संगणकीय खेळ एका बेल्जियन कंपनीने आणला, तो जगभर गाजला, आणि नाव वापरू दिल्याबद्दलचे पैसे हॅस्ब्रोच्या घरात आले. म्हणजे आटलेली गाय विकली गेली आणि दुभती राहिली. तेव्हा राजीखुशीने ते विकणार नाहीत. आणि समजा विकलेच, तरी हा खेळ काही पहिल्यांदा हात बदलणार नाही. गायगॅक्स स्वतः आपल्याच कंपनीतून १९८५ मध्ये बाहेर फेकला गेला. १९९७ मध्ये ती कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रोने. खेळणारे खेळतच राहिले.

तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते विकतील का, असं नव्हतं विचारलं सर मी. विकलं तर आमच्याकडे काय राहतं?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी जाताना मात्र लक्षात आले की ज्या रस्त्याने आपण रोज जातो तो सबंध रस्ता याच प्रश्नाच्या उदाहरणांनी भरलेला आहे.

टेल्को कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले. टेल्को रोड अजून टेल्को रोडच आहे. पण ते सोपे उदाहरण झाले, तिथे मालक बदलला नाही. त्याहून गुंतागुंतीची गोष्ट आकुर्डीची. बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओशी करार करून स्कूटर बनवायला घेतली, तेव्हा त्या स्कूटरचे नाव होते व्हेस्पा. १९७१ मध्ये करार संपला आणि सरकारने त्याला मुदतवाढ मिळू दिली नाही. नाव गेले. हात राहिले, यंत्रे राहिली, कौशल्य राहिले, आणि १९७२ मध्ये त्याच घडणीच्या, बहुतांशी व्हेस्पाचाच देह असलेल्या गाडीला राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव मिळाले : चेतक. ज्या नावासाठी पुढे लोक नोंदणी करून दहा-दहा वर्षे थांबले, लग्नाच्या बैठकीत ज्याच्यावरून सोयरिकी अडल्या, ते नाव मुळात एक दुसरे नाव हातचे गेल्यामुळे जन्माला आले होते. आमच्या लहानपणी हे आम्हांला कोणी सांगितले असते तर खोटे वाटले असते. व्हेस्पाही पुढे परत आलीच. पियाजिओने २०१२ मध्ये ती आपल्याच पुणे जिल्ह्यात, बारामतीला बनवायला घेतली. एका देहाची दोन नावे, एका जिल्ह्यात, चाळीस वर्षांच्या अंतराने.

चेतकचे पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मोटारसायकलींनी बाजार पालटला. २००१ मध्ये पल्सर आली, तिचे घर चाकण. चेतक या शतकाच्या पहिल्या दशकातच थांबली, २००७ मध्ये आकुर्डीतले गाड्यांचे उत्पादनही थांबले, आणि २००९ च्या डिसेंबरात राजीव बजाज यांनी स्कूटर हा प्रकारच सोडत असल्याचे जाहीर केले. वडील राहुल बजाज यांनी त्याबद्दलचे आपले दुःख जाहीरपणे बोलून दाखवले, तेव्हा ते वाचून आकुर्डी-निगडीच्या कितीतरी घरांत बरे वाटले होते; घरात कोणी गेल्यावर शेजारच्या मोठ्या माणसाने दोन शब्द बोलावेत तसे. आणि दहा वर्षांनी, २०१९ च्या ऑक्टोबरात, चेतक परत दाखवण्यात आली. जानेवारी २०२० पासून ती पुण्यात आणि बंगळुरूत मिळू लागली. आता तिला इंजिन नव्हते.

आमच्यापैकी एकाचे वडील आकुर्डीच्या कारखान्यात वेल्डर होते. नवी चेतक आली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांना दालनात घेऊन गेलो. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग बोटाच्या पेराने गाडीचा पत्रा वाजवून पाहिला. "पत्राच आहे," म्हणाले, "प्लास्टिक नाही." मग काही कळायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी आपल्याकडे आडवी केली. जुन्या चेतकवाल्यांना हे सांगायला नको. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत उतरावे म्हणून किक मारण्याआधी तिला आडवी करावीच लागे. तिथला मुलगा धावत आला. "काका, किक नाहीये याला!" "माहितीय रे," वडील म्हणाले आणि गाडी सरळ केली. परतताना बराच वेळ बोलले नाहीत. खंडोबा माळाच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "नाव चांगलं ठेवलंय." आणि थोड्या वेळाने, "आमचंच ठेवलंय."

या 'आमचंच'वर आम्ही दोघे पुष्कळ बोललो. कायद्याच्या दृष्टीने ते नाव त्यांचे कधीच नव्हते. भागधारक म्हणूनही नव्हते. पण त्यांना चूक म्हणण्याची आमची छाती झाली नाही. दुसऱ्या बाजूने, हेही खरे की मालकाने ते नाव मधल्या काळात कोणाला विकले नाही, म्हणूनच ते आकुर्डीला परत येऊ शकले. विजेवरच्या चेतकचे नवे उत्पादन-केंद्र २०२२ च्या जूनमध्ये आकुर्डीतच सुरू झाले. राहुल बजाज त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. मालकी ही केवळ अडवणूक नसते, कधीकधी राखणही असते, हा मुद्दा आमच्यापैकी चाकणकराचा आहे आणि आकुर्डीकराला तो निम्माच मान्य आहे.

लुनाचेही तसेच. चिंचवडशी नाते सांगणाऱ्या कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय २००८ मध्ये महिंद्राकडे गेला, तरी लुना हे नाव २०२४ मध्ये विजेची होऊन आले ते फिरोदियांच्याच घरातल्या कंपनीकडून.

आता टेंपो. या शब्दापाशी आम्हांला अधिक थांबायचे आहे, कारण इथे प्रकरण कंपनीच्या हातून निघून आमच्या विषयात येते.

हॅम्बुर्गजवळच्या एका जर्मन कारखान्याचे 'टेंपो' हे नाव. फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून १९५८ मध्ये मालवाहू तीनचाकी बनवायला सुरुवात केली. कारखाना पुढे आकुर्डीला आला आणि बजाज टेंपो या नावाने मुंबई-पुणे रस्त्यावरची एक खूण बनून राहिला. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलले, फोर्स मोटर्स झाली. म्हणजे पाटीवरून टेंपो उतरला. पण भाषेतून? सामान हलवायला आपण आजही टेंपोच बोलावतो. टेंपोवाला भाव करतो, टेंपोभर सामान निघते, बाहेरगावी जाताना टेंपो ट्रॅव्हलर ठरवली जाते. आणि गंमत बघा : ज्या २००५ साली हे नाव पाटीवरून गेले, त्याच साली पिंपरीच्या टाटांनी एस नावाची छोटी मालगाडी आणली. लोक तिला छोटा हत्ती म्हणतात आणि बोलावताना म्हणतात, टेंपो पाठवा. गाडी एका कंपनीची, शब्द दुसऱ्या कंपनीने सोडलेला, आणि त्या दोघांच्या मधून मराठी आपली निवांत चाललेली.

विशेषनामाचे सामान्यनाम होणे हे व्याकरणात एका वाक्यात शिकवून संपते. आम्हीही तसेच शिकवत आलो. पण टेंपोचा जीवनक्रम पाहिला की ही प्रक्रिया किती सावकाश आणि किती निर्णायक असते ते कळते. शब्दाला आधी लिंग मिळते. टेंपो पुल्लिंगी झाला. त्याच कारखान्यातली मॅटाडोर मात्र स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये बैलाशी झुंजणारा जो पुरुष, तो मराठीत आल्यावर वऱ्हाडाने भरलेली, टपावर अंथरुणे बांधलेली, 'ती' झाला. आकुर्डीत कोणालाही हा बैलवाला ठाऊक नव्हता आणि त्यामुळे कोणाचेही अडले नाही. मग शब्दाला प्रत्यय लागतात, 'वाला' लागतो, 'भर' लागतो, आणि एकदा विभक्ती लागली की तो शब्द परत करता येत नाही. 'टेंपोत' या रूपावर कुठल्या कंपनीचा हक्क सांगणार?

इथपर्यंत आकुर्डीकराचा विजय झाला होता. लोकांच्या तोंडी गेलेले नाव विकता येत नाही, असा निष्कर्ष तो काढू पाहत होता. चाकणकराने त्याला अ‍ॅम्बॅसडरची आठवण करून दिली.

अ‍ॅम्बॅसडर हे नाव लोकांच्या तोंडी नव्हते असे कोण म्हणेल? पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याचा तिचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने ते नाव फ्रान्सच्या पूजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकले. कारखान्याचे साचे नाहीत, कामगार नाहीत. अक्षरे आणि त्यांवरचा हक्क. पूजोची अ‍ॅम्बॅसडर मात्र रस्त्यावर आली नाही. आता याच्या शेजारी आपल्या तळेगावचे प्रकरण ठेवा. जनरल मोटर्सने तिथे २००८ मध्ये मोठा कारखाना उभारला, २०१७ च्या अखेरीस शेव्हरोले गाड्या भारतात विकणे बंद केले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबवले. कारखाना घेण्याचा करार २०२३ मध्ये ह्युंदाईने केला. तिथे जमीन विकली गेली, इमारती विकल्या गेल्या, काही यंत्रे विकली गेली. शेव्हरोले हे नाव तेवढे मालकाने स्वतःकडे ठेवले. एकीकडे नुसते नाव विकले, दुसरीकडे नाव सोडून सगळे. दोन्हीकडे, ज्यांच्या हातांनी त्या नावाला अर्थ आला होता ती माणसे कुठल्याच खरेदीखतात नव्हती.

आमच्या एका वकील मित्राकडून व्यापारचिन्हांचा १९९९ चा कायदा समजून घेतला, तेव्हा त्यात एक शब्दप्रयोग आढळला आणि आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. नोंदलेले चिन्ह धंद्याच्या पतीसह विकता येते, आणि पतीविनाही. पत हा आपला फार जुना शब्द. हुंडी पतीवर चालत असे, सोयरीक पतीवर होत असे. पत मागे ठेवून नाव तेवढे विकणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना समजावून सांगता आले नसते. त्याच कायद्यात याला उतारा म्हणावे असेही एक कलम आहे. पाच वर्षे सलग वापरले नाही, तर ते चिन्ह नोंदवहीतून काढून टाका असा अर्ज ज्याचा हितसंबंध असेल त्याला करता येतो. कसेल त्याची जमीन, तसे काहीसे. पण कुळाला निदान सातबारा तरी होता.

सातबाऱ्यावरून चाकण. आमच्यापैकी दुसऱ्याचे गाव चाकणच्या कांद्याच्या पट्ट्यातले. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या तेव्हा मोजणी झाली, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र निघाले, गट नंबर लिहिले गेले, दर ठरला. पण गावातल्या प्रत्येक वावराला स्वतःचे नाव होते. थोरलं वावर, लवण, आंब्याचं, जोगणीचा माळ. ही नावे कोणत्याच दप्तरात नव्हती, त्यामुळे ती कोणी विकत घेतलीही नाहीत. तिथे आता सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. घरातला एक भाचा त्यांपैकी एकात कामाला जातो, आणि भाचा कुठे असतो असे विचारले की आई सांगते, "जोगणीच्या माळात असतो कामाला." शेत गेले, नाव राहिले, भाचा पुन्हा तिथेच राबतो, फक्त आता डोक्यावर पत्रे आहेत. आकुर्डीकराला हे ऐकून भरून आले. चाकणकराने मग पुढचे सांगितले : भाचा स्वतः 'जोगणीचा माळ' म्हणत नाही. तो 'फेज टू' म्हणतो. आई आहे तोवर ते नाव आहे.

म्हणजे विकले न जाणे हीसुद्धा नाव टिकण्याची हमी नव्हे.

याच फेज टूच्या कडेला भामचंद्राचा डोंगर आहे, आणि तिथून इंद्रायणी ओलांडली की देहू. तुकोबांच्या चिंतनाची ही जागा आणि वाहनउद्योगाची वसाहत यांच्यात आज फारसे अंतर उरलेले नाही. मराठी शिकवणाऱ्याला इथे नाममुद्रा आठवणे अपरिहार्य आहे. 'तुका म्हणे' हे चिन्ह नाही तर काय? आणि हे असे चिन्ह की त्याच्या वापरावर कोणाचाच अंकुश नव्हता. ज्याला वाटले त्याने अभंग रचला आणि शेवटी मुद्रा घातली. आकुर्डीकर म्हणतो, हीच श्रीमंती. नाव इतके मोकळे होते म्हणून परंपरा वाढली. चाकणकराने एम.ए.ला प्रक्षिप्त अभंगांवर टिपण लिहिले होते, तो म्हणतो, नामदेव आणि विष्णुदास नामा यांचे अभंग वेगळे काढताना अभ्यासकांच्या पिढ्या थकल्या, ती या मोकळेपणाची किंमत. आणि मोकळ्या नावाच्या आडून कोणीही काहीही खपवू शकतो हे विसरू नये. वाद तिथेच थांबला. पण त्यातून एक गोष्ट मात्र दोघांनाही दिसली. 'तुका म्हणे' कोणी विकत घेऊ शकला नाही, याचे कारण ते लोकप्रिय होते हे नव्हे. अ‍ॅम्बॅसडरही लोकप्रिय होतीच. इतरांना मना करण्याचा हक्क त्या नावाभोवती कधी उभाच राहिला नव्हता. विकले जाते ते नाव नसतेच, विकला जातो तो मनाईचा हक्क. जिथे मनाई नाही तिथे खरेदीखत कशाचे करणार?

आणि मग लक्षात आले की विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे, निदान अर्धे.

तिच्या खेळाच्या इतिहासात नेमके हेच घडले होते. विझर्ड्स कंपनीने २००० मध्ये एक खुला परवाना काढला. खेळाच्या मूळ नियमांच्या आधारे कोणीही स्वतःचे लिहावे, छापावे, विकावे. शेकडो लहान प्रकाशक त्यावर उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना आवळण्याचा नवा मसुदा बाहेर फुटला आणि खेळणाऱ्यांनी असा गदारोळ केला की महिना संपण्यापूर्वी, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली. एवढेच नव्हे तर मूळ नियमांची संहिता क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मोकळी करून टाकली. हा परवाना मागे घेता येत नाही. उद्या हॅस्ब्रोने खेळ कोणालाही विकला, तरी तेवढी संहिता विकत घेणाऱ्याच्या हातात बंद करता येणार नाही. बोधचिन्ह, काही प्राणी, काही प्रदेशांची नावे आणि कथानके यांवर हक्क उरतो; तेच विकले जाईल. खेळाच्या आरंभीच्या काळात असाच एक प्रसंग आला होता. त्यात टोल्किनचे हॉबिट होते. टोल्किनच्या साहित्याचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतली, तेव्हा हॉबिट पुसून तिथे हाफलिंग लिहिले गेले. बुटका तोच, पाऊल तेच, नाव दुसरे. व्हेस्पाची चेतक झाली तसे.

हे सर्व तिला सांगितले. तिच्या वह्यांतला घाट, भगत, वाटाडे, वंशावळी आणि वचने यांवर कोणाचाही हक्क पोचत नाही, हेही सांगितले. ती खूश होईल असे वाटले होते. ती म्हणाली, "म्हणजे फक्त वहीवरचं नाव बदलायचं."

"बदललंच पाहिजे असं नाही. घरात खेळायला कोण अडवणार?"

"नाही, पण छापायचं म्हटलं तर?"

छापायचे तिच्या मनात आहे, हे आम्हांला तेव्हा प्रथम कळले. आमच्या विभागात वर्षानुवर्षे एक भित्तिपत्रक निघते आणि त्यात दरवर्षी पावसावर सात कविता येतात. त्यापलीकडे कोणाला काही छापावेसे वाटते याची आम्हांला सवय राहिलेली नाही. आम्ही वह्या वाचायला मागून घेतल्या. आकुर्डीकराला त्या फार आवडल्या. चाकणकराने दुसऱ्या वहीत विभक्तीच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या आणि मग, या वह्या परीक्षेच्या नाहीत हे आठवून, रेघा पेन्सिलीने मारायला हव्या होत्या असे हळहळला.

पुढच्या महिन्यात तिने वह्या परत नेल्या. पहिल्या वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत खेळाचे नाव होते, त्यावर एक सरळ रेघ मारली होती. खाली नवे नाव नव्हते. पाच जणांनी पाच नावे सुचवली होती आणि एकावरही एकमत होईना. तोवर आपसांत ते नुसते 'खेळ' म्हणतात. रविवारी खेळ आहे, खेळाला ये, खेळ मोडला. दशावतारी नाटकाला आणि तमाशाला आपण हाच शब्द वापरतो, हे आम्ही तिला सांगितले. ते तिला ठाऊक होते.

घाटातला राक्षस अजून जिवंत आहे. त्या मुलाची सेकंड शिफ्ट बदललेली नाही.